हडपसरचं मैदान, लोकरीचा दोरा आणि पस्तीस वर्षं हँगरमध्ये

घारपंख

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. लग्नकार्यात कुणी तरी विचारतं, "तुम्ही विमानात होतात ना? पायलट?" मी म्हणतो, "नाही, मेंटेनन्स." मग विषय जेवणाकडे वळतो. त्याचं मला काही वाटत नाही. पण थोड्या वेळाने त्याच घोळक्यातला पंधरा-सोळा वर्षांचा एखादा मुलगा किंवा मुलगी हळूच जवळ येते. "काका, पायलट व्हायला किती पैसे लागतात?" आकडा सांगितला की त्यांचा चेहरा उतरतो. तो उतरलेला चेहरा मी इतक्या वेळा पाहिलाय, की आता लिहायलाच हवं.

आमचं घर हडपसरला, गाडीतळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वडील एका कारखान्यात फिटर. 1979 साली, नववीत असताना, ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणापाशी मी रोज संध्याकाळी उभा राहायचो. मैदानाच्या एका टोकाला विंच, म्हणजे केबल जोरात गुंडाळणारं यंत्र, दुसऱ्या टोकाला ग्लायडर, मध्ये लांबच लांब केबल. विंच गुरगुरला की ग्लायडर पतंगासारखा चढत जायचा, वर जाऊन केबल सोडायचा, आणि मग आवाज बंद. नुसती बारीक शीळ. इंजिन नसलेलं यंत्र वर राहतं कसं, या एका प्रश्नाने माझं अभ्यासातलं लक्ष गेलं आणि भौतिकशास्त्रातलं आलं.

एके दिवशी तिथल्या एका सरांनी आत बोलावलं आणि पंख धरायला लावला. ग्लायडरला पोटाखाली एकच चाक, त्यामुळे उभा असताना तो एका पंखावर कललेला असतो. लाँचच्या आधी कुणी तरी पंखाचं टोक उचलून सपाट धरायचं आणि सुटला की चार-सहा पावलं सोबत पळायचं. पंख हातातून निघायच्या जरा आधी त्याचं वजन जातं. वारा त्याला उचलून घेतो, आणि ते बोटांना कळतं. पुढची तीन वर्षं मी हेच केलं: पंख धरला, केबल ओढून आणली, ग्लायडर ढकलला, धावपट्टीवरची गुरं हाकलली. त्या बदल्यात शिकायला मिळालं, कारण ग्लायडिंगची फी आमच्या घराला झेपण्यासारखी होती.

शिकलो ते 'रोहिणी'वर. नागरी विमान खात्याच्या तांत्रिक केंद्रात तयार झालेलं हे लाकडी ग्लायडर 1961 साली पहिल्यांदा उडालं. त्यात शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसतात. सरांचे हात दिसायचे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सरांना माझे हात दिसायचे. ग्लायडर वळवायचा दांडा मी घट्ट आवळला की ते नुसतं माझ्या मुठीवर बोट टेकवायचे.

समोरच्या काचेवर लोकरीचा एक तुकडा चिकटवलेला असायचा. बोटभर लांब, लाल. ग्लायडर हवेत सरळ घुसतोय तोवर दोरा सरळ मागे येतो. वळताना पायाचा हिशेब चुकला की दोऱ्याची शेपूट बाजूला जाते. शेपूट डावीकडे गेली की उजव्या पायाने पेडल दाबायचं. फायबरच्या नव्या ग्लायडरवरही हा दोरा असतो, कारण इतक्या लवकर आणि इतकं खरं सांगणारं दुसरं काही नाही. सर दिवसभर एकच वाक्य म्हणायचे, "दोरा बघ."

एकदा अडीचशे फुटांवर केबल तुटली. नाक आकाशाकडे, आणि धाडकन आवाज. त्यानंतरची शांतता मी अजून विसरलेलो नाही. वेग झपाट्याने पडतो आणि मन म्हणतं, दांडा मागे ओढ, वर राहा. करायचं नेमकं उलटं. सरांनी "नाक खाली" म्हणायच्या आत माझा हात पुढे गेला होता. जमीन समोर येताना दिसली, वेग आला, आणि उरलेल्या पट्टीवर सरळ उतरलो. सर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात एकटा जा."

गेलो. निघण्यापूर्वी सर उतरले आणि बाजूच्या रिकाम्या सीटचे पट्टे त्यांनी स्वतः आवळून बांधले, सुटे राहून दांड्यात अडकू नयेत म्हणून. तो बांधलेला रिकामा पट्टा मला आजही दिसतो. एका माणसाचं वजन कमी, त्यामुळे ग्लायडर भराभर चढला. वर सहा मिनिटं होतो. काचेवरचा तो लाल दोरा तेव्हापासून माझ्या पाकिटात आहे.

पुढे पॉवर फ्लाइंगचा, म्हणजे इंजिनच्या विमानाचा तासाचा दर विचारला. वडिलांचा महिन्याचा पगार दोन तासांत संपला असता. त्या रात्री घरी कुणीच फार बोललं नाही. मग मी विमान देखभालीचा अभ्यासक्रम धरला आणि 1987 ला मुंबईत कामाला लागलो. तिथलं पुढे लिहितो. तुम्हीही लिहा, विशेषतः जे विमानाच्या आसपास पोट भरतात ते.

कोरेगावची_आई

दादा, तुम्ही लिहिलेला तो उतरलेला चेहरा सध्या आमच्या घरात आहे. मुलगा अकरावी सायन्सला. आमची सहा एकर शेती, त्यात आले आणि ऊस. त्याला दुसरं काही सुचत नाही. एका शाळेचं माहितीपत्रक आणलंय, आकडा बघून ह्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. जमीन विकायची नाही एवढं घरात ठरलंय. पण त्याला "नाही" कसं म्हणायचं ते ठरलेलं नाही.

उजवी_सीट

ताई, मी एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, गाव लातूर जिल्ह्यात. एक रुपयाही भरायच्या आधी मुलाची वैद्यकीय तपासणी करा. आधी क्लास 2, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त डॉक्टरकडून, मग क्लास 1. चष्मा असला तरी अडत नाही, चष्म्यासह नजर नियमात बसली पाहिजे. रंग ओळखण्यात दोष निघाला तर मात्र अवघड, आणि तो दोष घरात कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या बॅचच्या एका मुलाला हे निम्मे पैसे भरल्यावर कळलं.

कमर्शियल लायसन्सला 200 तासांचं उड्डाण लागतं, बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं, शिवाय नेव्हिगेशन, हवामान, नियम, तांत्रिक असे पेपर आणि रेडिओची परीक्षा. पेपर घरी बसून देता येतात. ते आधी द्या. मुलाची चिकाटी तिथेच कळते आणि त्याला खर्च फारसा नाही.

सगळे मिळून अर्धा कोटीच्या वर जातात, आणि एअरलाइनच्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, त्याच्या पुढे. मी ज्या शाळेत गेलो तिथे कागदावर पाच विमानं होती, उडत होती दोन. दीड वर्षात व्हायचे तास तीन वर्षांनी झाले, आणि कर्जाचं व्याज काही थांबलं नाही. म्हणून शाळेत गेलात की चकचकीत ऑफिस बघू नका. हँगरमध्ये जा, आज किती विमानं उडाली विचारा, शिकवणारे किती विचारा, आणि तिथल्या मुलांना चहाला बाहेर नेऊन विचारा, गेल्या महिन्यात किती तास झाले. सगळे पैसे एकदम भरू नका.

रायबरेलीजवळ फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षेने जाता येतं. आणि घरचा पैसा न लावता उडायचं असेल तर एनडीए. खडकवासला तुमच्या घरापासून किती लांब? बारावीतच परीक्षा देता येते.

सह्याद्री_पायवाट

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. ही हौस परवडणाऱ्यांची आहे. आमच्या गावातल्या एका घराने मुलासाठी घर गहाण टाकलं, लायसन्स आलं आणि नोकरी चार वर्षं आली नाही. त्या मुलाच्या वडिलांना मी बँकेच्या पायरीवर बसलेलं पाहिलंय. स्वप्नं दाखवणाऱ्या धाग्यांवर ही बाजूही हवी.

घारपंख

पायवाटदादा, हवीच. आणि तुम्ही लिहिलीत म्हणून धन्यवाद. कर्ज काढून उडू नका असं मी सरसकट म्हणणार नाही, पण सोळाव्या वर्षी वेड लागलं म्हणून अठराव्या वर्षी घर गहाण टाकायला माझा विरोध आहे. माझं म्हणणं त्याच्या आधीचं आहे. आधी वारा कळू द्या. मुलाला एखाद्या मैदानावर न्या, केबल ओढू द्या, उन्हात उभं राहू द्या. ज्याला उडण्यापेक्षा टोपी आणि गणवेश आवडतो तो दुसऱ्या रविवारी येत नाही. जो येतो, त्याच्यासाठी पायलटची खुर्ची हा पुष्कळ वाटांतला एक रस्ता असतो.

माझी वाट सांगतो. पहिली दोन वर्षं मी मुख्यतः लॉकवायर बांधली. इंजिनावरचे बोल्ट थरथरीने सैल होऊ नयेत म्हणून दोन बोल्टांच्या डोक्यांतून पोलादी तार ओवून पीळ द्यायचा, असा की एक सैल व्हायला लागला तर तार दुसऱ्याला आवळेल. तारेच्या टोकांनी बोटं फाटायची. पीळ उलटा दिला की वरिष्ठ काही न बोलता कात्रीने तोडायचे. आणि तीच तार पाहताना मला हडपसरचा दोरा आठवायचा. दोन्ही स्वस्त, दोन्ही साध्या नजरेला दिसणारे, आणि दोन्हींवर माणसाचा जीव.

एक रात्र सांगायलाच हवी. जुलै, पहाटेचे चार, धो धो पाऊस, मुंबईचा एप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा. चाकांच्या खोबणीतलं काम संपलं, सामान मोजलं, आणि एक छोटी टॉर्च कमी. पाचला विमान भरायचं. मी सही करायला नकार दिला. मेंटेनन्स इंजिनियरची सही पडल्याशिवाय विमान हलत नाही, आणि ती सही माझी होती. वरून फोनवर फोन आले, शब्द चांगले नव्हते. आम्ही तिघं पुन्हा खोबणीत शिरलो. हायड्रॉलिकच्या नळ्यांमागे एक अरुंद कड असते, तिथे ती टॉर्च उभी होती, अजून पेटलेली. चाक आत येताना ती कुठे जाऊन अडकली असती कोण जाणे. विमान एक तास चाळीस मिनिटं उशिरा गेलं. त्यातल्या दीडशे माणसांना कारण "तांत्रिक अडचण" एवढंच कळलं. मी एप्रनच्या कडेला उभा राहून ते ढगात शिरेपर्यंत बघत होतो. विमान ढगात जाईपर्यंत बघायची सवय मात्र पस्तीस वर्षांत एकदाही सुटली नाही.

जुहूकाठ

काका, टॉर्चचं वाचून अंगावर काटा आला. मी थोडा इतिहास घालतो, कारण तुमचं हडपसर आणि माझं जुहू लांबची भावंडं आहेत.

जे.आर.डी. टाटांना हे वेड लहानपणी फ्रान्समध्ये लागलं. त्यांचं सुट्टीतलं घर हार्डेलोच्या किनाऱ्यावर होतं आणि तिथेच लुई ब्लेरिओचंही घर होतं, इंग्लिश खाडी पहिल्यांदा विमानाने ओलांडणाऱ्याचं. 10 फेब्रुवारी 1929 ला जेआरडींना भारतात दिलेलं पहिलं वैमानिक लायसन्स मिळालं. त्यावरचा आकडा होता 1. आगा खानांनी इंग्लंड-भारत एकट्याने उडण्यासाठी बक्षीस लावलं. 1930 साली जेआरडी कराचीहून इंग्लंडकडे निघाले, अस्पी इंजिनियर इंग्लंडहून कराचीकडे. अस्पी तेव्हा 17 वर्षांचे. इजिप्तमधल्या अबुकीरला अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचा प्लग त्यांना दिला. बक्षीस अस्पींना मिळालं, आणि पुढे हेच अस्पी भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. प्रतिस्पर्ध्याला प्लग देणारा माणूस मला त्या बक्षिसाहून मोठा वाटतो.

15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी पुस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. तिथून नेव्हिल विन्टसेंट टपाल पुढे बेल्लारी आणि मद्रासला घेऊन गेले. रेडिओ नाही, उतरायला मार्गदर्शन नाही. जुहूची पट्टी म्हणजे चिखलाचं मैदान, पावसाळ्यात पाण्याखाली. मग दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सगळा संसार पुण्याला हलायचा, येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतल्या एका मैदानावर. काका, त्या हिशेबात मेकॅनिकही तीन आहेत, बघा. जेवढे उडवणारे तेवढेच सांभाळणारे.

घारपंख

जुहूकाठ, तुम्ही माझी जुनी आठवण जागी केलीत. 1982 च्या ऑक्टोबरात, त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, जेआरडींनी कराची ते जुहू हा प्रवास पुन्हा केला, लेपर्ड मॉथमधून, वयाच्या 78 व्या वर्षी. मी अठराचा होतो. पॉवर फ्लाइंगचा दर ऐकून चारच महिने झाले होते. वडिलांनी स्वतःहून तिकिटाचे पैसे दिले आणि मी पुण्याहून एकटा मुंबईला गेलो. जुहूच्या कुंपणाबाहेर गर्दीत उभा होतो. ते एवढंसं विमान समुद्राच्या बाजूच्या उजेडातून आलं, फार हळू, आणि टेकलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, हाताला ग्रीसचे जुने काळे डाग. ते विमानाकडे न बघता त्याच्या चाकांकडे बघत होते. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माणूस उतरला की लोक माणूस बघतात. आपण चाकं बघायची." परतीच्या गाडीत माझं ठरलं.

टॉवरवरून

मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर. बीएस्सी फिजिक्स, मग विमानतळ प्राधिकरणाची परीक्षा, मग प्रयागराजला प्रशिक्षण. घरचा खर्च म्हणाल तर पुस्तकं आणि परीक्षेची फी. कोरेगावच्या ताई, मुलाला ही वाटही सांगा. इथेही वैद्यकीय तपासणी असते, पण कर्ज नसतं, आणि प्रशिक्षणापासूनच पगार असतो.

लोकांना वाटतं, आम्ही पडद्यावर ठिपके बघतो. माझ्यासाठी प्रत्येक ठिपका म्हणजे एक आवाज आहे. पावसाळी संध्याकाळी सांताक्रूझला दहा-दहा विमानं घिरट्या घालत असताना वैमानिकाच्या "रॉजर"मधून कळतं, याला किती घाई आहे, हा नवीन आहे की मुरलेला. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. दोन विमानांमधली जागा आम्ही तोंडाने तयार करतो.

जुहूबद्दल आमच्याकडे नव्या मुलांना आवर्जून सांगतात. सांताक्रूझच्या अलीकडे, जवळजवळ त्याच दिशेची छोटी धावपट्टी. 1953 साली बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट चुकून जुहूला उतरलं आणि 24 सप्टेंबर 1972 ला जपान एअरलाइन्सचं डीसी-8. ते तर पट्टी संपून पुढे गेलं. डोळे फसतात, म्हणून दोघांनी एकमेकांना तपासायचं. घारपंख काकांच्या सहीत आणि आमच्या "क्लिअर्ड टू लँड"मध्ये मला फरक वाटत नाही.

कामशेतचा_वारा

मी पॅराग्लायडिंग शिकवतो, पावसाळा संपल्यापासून मे पर्यंत. काकांनी घारीचं नाव घेतलंय म्हणून लिहितो. डोंगरावर उभं राहून मी मुलांना पहिले दोन दिवस उडू देत नाही, घारी बघायला लावतो. घार पंख न हलवता गोल फिरत चढायला लागली की तिथे तापलेल्या जमिनीवरून उठलेली हवा आहे, थर्मल. नांगरलेलं रान, खडकाळ माळ लवकर तापतो, पाणी आणि झाडी उशिरा. शेतकऱ्याच्या मुलांना हे दोन मिनिटांत कळतं, शहरातल्यांना आठवडा लागतो. ताई, तुमच्या मुलाकडे ही पुंजी आधीच आहे.

मात्र कुणी दुपारच्या भर उन्हात "एक फेरी मारून आणतो" म्हणालं तर बसू नका. तेव्हा हवा उसळत असते. चांगला शिकवणारा तुम्हाला "आज नाही" म्हणतो.

चारकोपकर

कॅप्टन अमोल यादवांचं नाव अजून कुणी घेतलं नाही? कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 ला मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते ठेवलं होतं, 2017 ला त्याची नोंदणी झाली. गच्चीवर विमान म्हटल्यावर हसणारे खूप होते. सुटे भाग जिन्याने वर न्यायचे आणि शेवटी अख्खं विमान खाली उतरवायचं, या एवढ्या गोष्टीचा विचार केला तरी छाती दडपते. मी वेल्डर आहे, म्हणून मला ते जास्त कळतं.

सह्याद्री_पायवाट

टॉवरवरून ताई आणि कामशेतचे दादा, तुमचं वाचून माझं मत थोडं हललं. त्या बँकेच्या पायरीवरच्या घरातला धाकटा मुलगा आता बीएस्सीला आहे. त्याला हा धागा पाठवतोय.

घारपंख

त्याला सांगा, फिजिक्स सोडू नकोस. आणि देखभालीकडे यायचं असेल तर बारावीच्या गणित-भौतिक-रसायनवर मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळतो. लायसन्सचे पेपर टप्प्याटप्प्याने द्यायचे असतात. बी1 म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बी2 म्हणजे विद्युत आणि उपकरणं. संस्थेची मान्यता डीजीसीएच्या यादीत स्वतः बघावी, दलालाच्या तोंडून ऐकू नये.

कोरेगावची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांनी काल माहितीपत्रक कपाटातून काढलं आणि तुमचे प्रतिसाद शेजारी ठेवून पहिल्यांदा पूर्ण वाचलं. ठरलं ते असं: आधी क्लास 2 तपासणी, मग एनडीएचा फॉर्म, आणि बारावीनंतर टॉवरची वाटही उघडी. जमीन राहते.

आणि एक सांगायचं होतं. पोराने माझ्या विणकामातली लाल लोकर घेतली आणि मोटारसायकलच्या हँडलमधल्या काचेवर चिकटवली. क्लासला साताऱ्याला जाताना माहुलीच्या पुलावर आलं की दोरा डावीकडे झुकतो म्हणतो. काल मागे बसून मीही पाहिलं.

घारपंख

ताई, त्याला विचारा, मग वारा कुठून होता?

कोरेगावची_आई

विचारलं. म्हणाला, "उजवीकडून. साताऱ्याकडे तोंड होतं, म्हणजे उत्तरेचा." आणि विचारतोय, काकांच्या पाकिटात तो दोरा अजून आहे का?

घारपंख

आहे. रंग गेलाय.